एकरभर उसाचा फोन

दर सप्टेंबरला नवा आयफोन येतो आणि राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानांत चौकशी सुरू होते. २०२५ साली आलेल्या आयफोन १७ प्रो मॅक्सची आपल्याकडची सुरुवातीची किंमत होती १,४९,९०० रुपये. आपल्या जिल्ह्यात पैसा उसात मोजायची सवय आहे, तर तसाच हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. म्हणजे हा एक फोन बेचाळीस टनांना पडला. एकरी चाळीस टन काढणाऱ्याला आपण चांगला शेतकरी म्हणतो, आणि त्याची तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी अजून वजा व्हायचीच असते!

एवढं मोजून जास्तीचं काय मिळतं? बोलणं, व्हॉट्सअॅप, यूपीआयनं भाजीचे पैसे देणं, सातबारा पाहणं ही कामं वीस हजारांचा फोनही बिनतक्रार करतो. खरा फरक कॅमेऱ्यात. महाग फोनमधला प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असतो, लांबचं जवळ आणणारं वेगळं भिंग असतं, अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ येतं. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यानं तो घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याचा फोन कमावतो.

'पाण्यात पडला तरी चालतो' असंही दुकानदार सांगतात. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ची हमी आहे दीड मीटर खोल, स्वच्छ पाण्यात अर्ध्या तासाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कसं होतं, ते आपण पाहिलंय. शिवाय पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

टिकाऊपणाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. २०२४ साली आलेल्या याच एस२४ ला कंपनीनं सात वर्षं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचा शब्द दिला. किंमत होती ७९,९९९. सातही वर्षं वापरला तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या आत पडतो, मधे बॅटरी बदलावी लागेल ती वेगळी. वीस हजारांचा फोन तीनच वर्षं चालला, तरी वर्षाला पावणेसात हजारांच्या आत. आणि सात वर्षं एक फोन वापरणारी माणसं मला फारशी भेटत नाहीत.

मला सल्ला विचारतात ते बहुधा कॉलेजला जाणाऱ्या मुलांचे आईवडील. मुलगा हट्ट धरून बसलेला, आणि 'बिनव्याजी हप्ता' ऐकून वडील विरघळलेले. क्रेडिट कार्डावरच्या अशा हप्त्यात व्याजाइतकी सूट दिलेली असते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येतं. हप्ता चुकला की दंड. पोराची फी आणि हप्ता एकाच महिन्यात आले तर आधी काय भरायचं, हे घरात आधीच बोलून घ्यावं.

नावाचाच सोस असेल तर दोन वर्षांपूर्वीचा वापरलेला फोन बघा. बराच कमी पडतो. पक्कं बिल मागा, *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडा आणि तो चोरीचा नाही ना, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पैसे देण्याआधी तपासा.