कार्पेटबाहेरची जागा

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ही माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात निघाली. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा संडास, दार लावून बसता येईल अशी आतली खोली. ज्या बायकांनी आयुष्यभर बादली हातात घेऊन मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे रांग लावली, त्यांच्यासाठी हा बदल किती मोठा आहे ते चाळीबाहेरच्या माणसाने त्यांना शिकवू नये. चाळीच्या आठवणींनी गहिवरलेल्या लेखनात ही रांग सहसा दिसत नाही, म्हणून ती आधीच लिहिली.

मात्र पुनर्विकासाची बैठक कुठलीही असो, सगळी बोलणी एकाच प्रश्नाभोवती फिरतात: कार्पेट किती देणार? २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या पक्की केली. ग्राहकाची फसवणूक थांबावी हा तिचा हेतू, आणि तो रास्तच होता. त्या व्याख्येत बाहेरच्या भिंती धरत नाहीत, बाल्कनी धरत नाहीत, व्हरांडाही धरत नाहीत. जे मोजलं जात नाही त्यासाठी बैठकीत कोणी भांडत नाही, आणि ज्यासाठी कोणी भांडत नाही ते नकाशावर आक्रसत जातं. घर आणि रस्ता यांच्यामधली, धड एकट्याची नाही आणि धड साऱ्या गावाचीही नाही अशी जी जागा, तिचं आज नेमकं हेच होतं आहे. ती जागा आपोआप घडत नाही. तिची रुंदी, तिचा उजेड, तिच्यावर उघडणाऱ्या दारांची संख्या हे सगळं कोणीतरी ठरवावं लागतं. आणि ते कसं ठरवावं याचे धडे मुंबईतच, शंभर वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

गिरगावातली जुनी चाळ घ्या. गॅलरी साधारण चार-पाच फूट रुंद. दाराशी पाट टाकून कोणी तांदूळ निवडत बसलं, तरी येणाऱ्याला वाट मिळते. पण जाताना दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. ही रुंदी दोन फुटांनी कमी केली तर बसणं संपेल, दुप्पट केली तर बोलण्याचं कारण संपेल. खोल्या एका ओळीत, समोर चौक, त्यामुळे उजेड आणि वारा थेट दारात. मुख्य म्हणजे गॅलरी हीच घरी जायची वाट. तिथे मुद्दाम भेटायला कोणी येत नाही. माणूस दूध आणायला निघतो, कपडे वाळत घालायला येतो, पाण्याची वेळ झाली म्हणून धावतो, आणि त्या ओघात शेजाऱ्याचं आजारपण, पोराचा निकाल, गावाहून आलेला पाहुणा हे सगळं त्याला कळतं. आज सोसायट्यांमध्ये तळमजल्याच्या कोपऱ्यात कम्युनिटी हॉल बांधून त्याला कुलूप लावलेलं असतं. तो ओस पडतो याचं मला नवल वाटत नाही; तो कोणाच्याच घरच्या वाटेवर नसतो.

गॅलरीला चौकाची जोड मिळाली की चाळीचं सभागृह होतं. चौकात लग्नाचा मांडव पडला की वरच्या मजल्यांचे कठडे ही आयती बैठकव्यवस्था. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला असं मानलं जातं. घरातला देव चौकात आणून सगळ्यांचा करायचा, तर मधे असा चौक लागतो आणि त्या चौकाकडे तोंड केलेली दारं लागतात.

याच गॅलरीने माणसांना जाचही केला. दिवसा दार लावणं म्हणजे काहीतरी लपवणं, असा समज. नव्या जोडप्याला एकांत नाही, तरुण मुलीच्या येण्याजाण्यावर मजल्याचे डोळे. आणि या मोकळ्या दारांच्या आत जात होती. कित्येक चाळी एकेका जातीच्या, एकेका गावाकडच्या लोकांच्या. दलित कुटुंबाला तिथे खोली मिळत नसे, मग त्या गॅलरीतला जिव्हाळा त्यांच्या वाट्याला कुठून येणार? सामाईक जागेचं गुणगान करताना ती कोणाकोणात सामाईक होती, हा प्रश्न सोडून चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४पर्यंत परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले, ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे सार्वजनिक संस्थेने बांधलेली होती. सार्वजनिक पैशातून घरं का बांधावीत, याचं एक सबळ कारण मला इथे दिसतं.

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली हा ट्रस्ट निघाला. पुढे १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, आलं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. इथे गॅलरी बाहेरून काढून इमारतीच्या पोटात घातली: मधून बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दहा-दहा खोल्या. बांधकामाच्या दृष्टीने ही काटकसर होती, कारण एकाच वाटेवर दुप्पट दारं बसतात. पण बोळात भर दुपारीही उजेड कमी, आणि समोर आकाशाऐवजी शेजाऱ्याचं दार. लोकांनी त्यावरही तोड काढली. चाळींमधली मोकळी पटांगणं त्यांनी आपली केली. वरळीचं जांबोरी मैदान सभा, दहीहंडी आणि खेळांनी गाजलं. बोळात जे मावलं नाही ते मैदानाने सामावून घेतलं.

एका जागेची तूट दुसरीने भरून काढायची, या व्यवहाराला नेमका आकार दिला चार्ल्स कोरिया यांनी. मूळचे गोव्याचे, काम मुंबईत. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली; १९७०मध्ये त्या शहरासाठी सिडको स्थापन झाल्यावर ते तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. 'द न्यू लँडस्केप' या १९८५च्या पुस्तकात त्यांनी घराचे चार टप्पे सांगितले: कुटुंबाची खासगी जागा, दारापुढचा ओटा, शेजारपाजार जमतो तो पाणवठा, आणि साऱ्या वस्तीचं मैदान. आपल्या हवेत वर्षातले कितीतरी महिने उघड्यावर निजता, रांधता, बसता येतं. म्हणून एक टप्पा तोकडा पडला तर दुसरा सढळ देऊन भागतं. मात्र चारांपैकी एकही पुरता गाळून चालत नाही.

त्याच नव्या शहरात, बेलापूरला, त्यांनी आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये हा विचार जमिनीवर उतरला. १९८३ ते १९८६, सुमारे सहा हेक्टर जागा, साधारण ५५० कुटुंबं. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरांचं बारा मीटरचं अंगण, आणि असे तीन समूह मिळून त्याहून मोठा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर. गरीब आणि सुस्थित यांच्या जागेत याहून मोठं अंतर ठेवलंच नाही. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने घर वाढवावं. विटांच्या भिंती, उतरती कौलं, गावातल्या गवंड्याला जमेल असं काम.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते सातचं गणित. सात घरांच्या अंगणात अनोळखी माणूस लगेच ओळखू येतो, कचरा कोणी टाकला ते कळतं, आणि झाड लावायचं ठरलं तर सभा बोलवावी लागत नाही. आज त्या वस्तीत कित्येक मूळ घरं पाडून स्लॅबची दोन-तीन मजली घरं उठली आहेत, अंगणांत मोटारी लागल्या आहेत. रचनाकाराला हा पराभव वाटावा असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. घरं वाढावीत अशीच तर योजना होती. घरं बदलली, तरी अंगणांची मांडणी टिकून राहिली. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी त्याच काळात इंदूरच्या अरण्य वसाहतीत साडेसहा हजार घरांसाठी हाच विश्वास ठेवला: जोतं, नळ-संडास, एखादी खोली आणि दारात ओटा द्यायचा, बाकीचं माणसं बांधतील. त्या कामाला १९९५मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

चाळीस मजली इमारतीत हे कसं आणायचं, हा खरा अवघड प्रश्न आहे. जमिनीवरचं अंगण तिथे तीनशे कुटुंबांचं होतं, म्हणजे कोणाचंच राहत नाही. लिफ्टबाहेरच्या बंद जागेत माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहतो, कारण तिथे ना उजेड ना बसायला जागा. आगीच्या वेळी थांबण्यासाठी ठेवलेला रेफ्यूज एरिया मोकळाच राहिला पाहिजे, तो या कामी वापरू नये. तसंच बाहेर पडायच्या वाटेवर चपलांची कपाटं नि सायकली साठवणंही जिवावर बेतू शकतं. म्हणून बसायची जागा वाटेला लागून, पण वाटेखेरीज, नकाशातच वेगळी दाखवली पाहिजे. वाट इमारतीच्या बाहेरच्या कडेने काढली, स्वयंपाकघराची खिडकी तिच्यावर उघडली, आणि दर आठ-दहा दारांमागे एक उघडी, कठड्याची, दोन बाकांची जागा दिली, तर बांधकामाचा खर्च थोडा वाढेल. तो कोणी सोसायचा हे करारातच ठरलं पाहिजे, देखभालीसकट. नाहीतर पाच वर्षांत तिथे ग्रिल लागून कोणाची तरी खोली होते.

पुनर्विकासाच्या बैठकीत बसणाऱ्या रहिवाशांना म्हणून माझी विनंती आहे की कार्पेटच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी लिहून घ्या: आमच्या मजल्यावरची सामाईक जागा किती चौरस फूट, आणि ती किती दारांत मिळून.