नारूचे निर्मूलन आणि लोकशिक्षण

नारू या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती, आजही नाही. तरीही हा रोग भारतातून नाहीसा झाला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात अखेरचा रुग्ण आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि रोगग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते.

पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या शरीरात वाढतात व पिण्याच्या पाण्यावाटे माणसाच्या पोटात जातात. सुमारे वर्षभराने दीड-दोन हात लांबीची मादी, बहुधा पायावरील फोडातून, बाहेर येऊ लागते. आग शमावी म्हणून रुग्ण पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच वेळी असंख्य अळ्या पाण्यात सोडल्या जातात.

प्रचारकार्यातील खरी अडचण येथेच होती. गेल्या वर्षी प्यालेल्या पाण्याचा यंदाच्या फोडाशी संबंध आहे, हे कोणी सहजासहजी कसे मानावे? अशा वेळी ग्रामस्थांच्या ‘अज्ञाना’वर बोट ठेवून अहवाल पुरा करता येतो, विहीर मात्र तशीच राहते. त्यापेक्षा पेलाभर पाणी उजेडात धरून त्यातील हलणारे ठिपके दाखविले, तर व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही. सांगावयाचे तेही मोजकेच होते: पाणी घट्ट विणीच्या दुपदरी फडक्यातून गाळावे, आणि नारू बाहेर पडत असलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरी स्त्रियांकडे; तेव्हा चावडीवरील सभेपेक्षा पाणवठ्यावरील बोलणे अधिक उपयोगी, हे ओघानेच आले.

अर्थात केवळ उपदेशावर भिस्त नव्हती. घरोघर रुग्णशोध, पाण्यात टेमीफॉस टाकणे, हातपंप व पायऱ्या बुजविलेल्या विहिरी यांची जोड होतीच. ज्या गावाला दुसरा पाणवठा नाही, त्याला ‘विहिरीत उतरू नका’ असे सांगून काय साधणार?

डेंग्यूच्या बाबतीतही कारण आणि परिणाम यांत असेच अंतर आहे, फक्त ते आठ-दहा दिवसांचे. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाणी ओतून दिले तरी ती राहतात. म्हणून रांजण, टाकी, कूलर आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावयाचे असतात. फलकावर ‘कोरडा दिवस पाळा’ एवढेच लिहिले, तर हे घासणे कोणाला उमगावे?