ताबा लांबला, बाग सुकली
ताबा दिवाळीला, मग पाडव्याला, मग 'फक्त लिफ्टची परवानगी राहिलीय'. नव्या फ्लॅटची ही रड ओळखीची आहे. 2016च्या रेरा कायद्याचं कलम 18 इथे कामी येतं: करारातली तारीख हुकली, तर पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर न सोडता ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज.

बागेचं दुखणं वेगळं. माहितीपत्रकात हिरवळ, प्रत्यक्षात डेब्रिजवर पसरलेली चार बोटं माती. त्यात झाडं जगणार कशी? ताब्यानंतर 5 वर्षांत कामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. ते रंगीत माहितीपत्रक रद्दीत टाकू नका. आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय किल्ली घेऊ नका.