‘कुत्र्याचे पिल्लू तर होते!’

आजऱ्याचा पाऊस एकदा लागला की दिवसचे दिवस उसंत घेत नाही. आंबोलीच्या बाजूने ढग उतरतात, हिरण्यकेशी गढूळ होऊन वाहू लागते, भाताच्या रोपलावणीची घाई उडते आणि अंगणातले सगळे जिणे सोप्यावर येऊन बसते. अशा दिवसांत एखाद्या घरी सोप्यावरच्या पोत्याच्या घडीवर दीड-दोन महिन्यांचे एक पिल्लू असते. शेजारच्या गल्लीत व्यालेल्या कुत्रीचे ते पिल्लू शाळेतून येताना पोरांनी दप्तराबरोबर घरी आणलेले असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम नाक मुरडलेले असते आणि चौथ्या दिवसापासून त्याच वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून त्याला घातलेली असते. संध्याकाळी ते चपलांशी झटापट करते, रात्री थोडेसे मलूल वाटते आणि सकाळी दार उघडावे तो ते ताठ होऊन पडलेले दिसते.

घरातले मूल विचारते, ‘का मेले?’ या प्रश्नाला घरात कोणाकडेही उत्तर नसते. आजी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, त्याचे आयुष्यच तेवढे होते. कोणी शेजारच्या घराकडे पाहत हळूच म्हणते, विष घातले असेल. आणि दुपारी कचेरीतला सहकारी उतरलेला चेहरा पाहून विचारपूस करतो व कारण कळताच म्हणतो, ‘एवढेच ना? कुत्र्याचे पिल्लू तर होते! दुसरे आणा.’

हे शेवटचे वाक्य दुष्टपणाने उच्चारलेले नसते. किंबहुना धीर देण्यासाठीच ते बोलले जाते. तथापि ते ज्याला ऐकावे लागते, त्याला आपल्या दुःखाबरोबर त्या दुःखाची लाजही वाहावी लागते. माणूस गेला तर समाजाने त्या शोकाची एक वाट आखून ठेवली आहे. सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, भेटायला येणारी माणसे आहेत, रजेच्या अर्जात लिहिता येईल असे कारण आहे. पिल्लासाठी यांतले काहीही नाही. कोणत्या कारकुनाने अर्जात लिहावे की घरचे पिल्लू गेल्यामुळे आज कामावर येणे जमणार नाही? केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखांना एक नाव दिले. ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, जो उघडपणे करता येत नाही, त्याला त्याने हक्क नाकारलेला शोक म्हटले. दुःख लहान असते म्हणून ते लपवावे लागते असे नव्हे. ते लपवावे लागते म्हणून पुष्कळदा अधिक काळ ठुसठुसत राहते.

आपली परंपरा मात्र या बाबतीत इतकी कोरडी नव्हती. याच जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीला जाणारा भाविक ज्या दत्ताचे चित्र घरी आणतो, त्या चित्रात देवाच्या पायाशी चार कुत्री असतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. शिकारीच्या वेळी वाघापासून धन्याला वाचवणारा म्हणून त्याची आठवण सांगितली जाते. मराठी राज्याचा विस्तार ज्याच्या कारकिर्दीत झाला, त्या राजालाही कुत्र्यासाठी दगड घडवून घेताना संकोच वाटला नाही. तेव्हा आजऱ्यातल्या एखाद्या शिक्षकाचे किंवा विद्यार्थ्याचे डोळे पिल्लासाठी पाणावले, तर त्यात शरमेचे कारण नाही.

परंतु केवळ शोकाला मान्यता देऊन हा प्रश्न संपत नाही. ‘का मेले?’ हा मुलाचा प्रश्न भावनेचा आहे तसाच तो ज्ञानाचाही आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात घरातल्या जिवंत माणसांचेही हित गुंतलेले आहे.

कोवळ्या पिल्लांच्या अचानक मृत्यूंमागे पुष्कळदा पार्व्हो हा विषाणू असतो. १९७८ च्या सुमारास हा रोग जगापुढे आला आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत खंडोखंडी पसरला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतातही त्याची नोंद झाली. शरीरात ज्या पेशी वेगाने वाढत असतात त्यांच्यावर हा विषाणू घाला घालतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतल्या मगजावर. ओकाऱ्या, दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब आणि झपाट्याने होणारे पाण्याचे शोषण ही त्याची नेहमीची लक्षणे. शिरेतून सलाईन देऊन वेळीच उपचार झाले तर अनेक पिल्ले वाचतात. उपचार न झाल्यास बहुतेक दगावतात. अगदी लहान पिल्लांत तर हा विषाणू हृदयाच्या स्नायूलाच ग्रासू शकतो आणि तेव्हा कोणतेही लक्षण न दाखविता खेळते पिल्लू कोसळते. बाहेरून पाहणाऱ्याला दृष्ट लागल्यासारखेच वाटावे असा हा मृत्यू असतो.

दुसरे कारण जंतांचे. आकडेजंत आईच्या दुधावाटे पिल्लाच्या पोटात जातात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. पिल्लू गुटगुटीत दिसते, पोट टम्म असते, पण हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतात. म्हणूनच पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून जंताचे औषध सुरू करावे असे पशुवैद्य सांगतात. तिसरे कारण सर्पदंशाचे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात घराच्या आसऱ्याला येतात. मण्याराचा दंश बहुधा रात्री होतो, त्याची वेदना फारशी जाणवत नाही आणि खूणही चटकन दिसत नाही. चौथे कारण विषाचे. पण ते दरवेळी कोणी मुद्दाम घातलेले नसते. उंदरांसाठी ठेवलेली गोळी, पिकावर फवारलेल्या औषधाचा रिकामा डबा किंवा असे औषध लागलेले डबक्यातले पाणीही पिल्लाच्या चिमुकल्या देहाला पुरेसे होते. याखेरीज जन्मजात हृदयदोष असतात, जे कोणालाही दिसत नाहीत.

ही यादी पाहिली म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, मृत्यूनंतर घरात जे आरोपांचे सत्र सुरू होते त्यातले बरेचसे निराधार असते. ‘काल रात्री दूध दिले ते नासलेले होते का?’, ‘पावसात भिजू दिले म्हणून गेले का?’ असे प्रश्न आई स्वतःला विचारते, मूल स्वतःला विचारते. पार्व्होची लागण लक्षणे दिसण्याच्या साधारण तीन ते सात दिवस आधी झालेली असते. त्या शेवटच्या रात्री कोणी काय केले किंवा केले नाही, याचा त्या लागणीशी संबंध नसतो. शेजाऱ्यावरचा विषप्रयोगाचा संशय तर त्याहून घातक. पुरावा नसताना धरलेला असा संशय दोन घरांमधली बोलचाल वर्षानुवर्षे बंद पाडतो.

तथापि कोणाचाही काही दोष नव्हता, असे म्हणून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. पार्व्होवर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ती सुरू करावी लागते आणि सोळा आठवडे पुरे होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. याचे कारण असे की, आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण हळूहळू ओसरत असते. ते शिल्लक असेतो लस नीट लागू पडत नाही आणि ते संपताच पिल्लू उघडे पडते. नेमक्या याच पोकळीत पुष्कळशी पिल्ले सापडतात. गल्लीतून उचलून आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही लस बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसते. त्याला निष्काळजीपणा म्हणण्यापेक्षा अज्ञान म्हणणे न्याय्य होईल. मात्र एकदा कळल्यानंतर अज्ञानाची सबब उरत नाही. पश्चात्ताप आणि कर्तव्य यांत फरक आहे. पश्चात्ताप गेलेल्या पिल्लाकडे पाहत बसतो. कर्तव्य त्याच कुत्रीच्या उरलेल्या पिल्लांकडे वळते. ती आज कोणाकोणाच्या सोप्यावर आहेत, त्यांना कोणी लस दिली आहे का, हे त्याच दिवशी विचारायला हवे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कारण न कळता मेलेल्या पिल्लाच्या बाबतीत पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, शक्यता मनात आणलीच पाहिजे. पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाळ गाळीत अंगावर धावून येणारे मोठे कुत्रे, अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात लहान पिल्लालाही हा रोग होतो आणि कधी कधी त्याचे रूप केवळ मलूलपणाचे, अंग लुळे पडण्याचे, घास न गिळता येण्याचे असते. खेळताना पिल्लू दात लावते, नखांनी ओरखडते, पोरांच्या खरचटलेल्या गुडघ्यांना चाटते. घरात कोणी त्याला चावा म्हणत नाही. म्हणून अशा सकाळी रडणाऱ्या मुलाची समजूत घालतानाच त्याचे हातपाय पाहावेत, गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला दात लागला, कोणाच्या जखमेला लाळ लागली हे विचारावे आणि त्या सर्वांना विनाविलंब दवाखान्यात न्यावे. ताजी जखम असल्यास ती साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, तिखट किंवा चुना लावू नये. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती आजही अनेकांच्या मनात आहे. परंतु ती जुनी लस भारतात २००५ पासून बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळतात. एकदा लक्षणे उमटली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी वेळेवर उपचार घेतले तर तो टळतो. पिल्लाच्या मृत्यूची लाज वाटून तो झाकून ठेवणाऱ्या घराला ही किंमत परवडणारी नाही.

याच कारणासाठी मेलेले पिल्लू घाईने ओढ्यात टाकू नये की पुरूही नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी खबर द्यावी. शक्य असेल तेथे शवविच्छेदन होते, नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतात. अर्थात एका गावठी पिल्लासाठी ही सारी यातायात दरवेळी होईल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. पावसात कुजण्याची क्रिया जलद होते, रस्ते बंद पडतात, आणि सगळे करूनही पुष्कळदा कारण निश्चित होत नाही. तेव्हा ‘कळले नाही’ हेच उत्तर स्वीकारावे लागते. ते स्वीकारणे कठीण आहे, परंतु दृष्ट किंवा शेजाऱ्याचे विष यांसारख्या सोयीच्या उत्तरापेक्षा ते अधिक सच्चे आहे. नंतर विहिरीपासून व नदीपासून दूर, खोल खड्डा काढून पिल्लाला पुरावे. हातात मोजे नसतील तर पिशव्या बांधाव्यात. पोराला त्या खड्ड्यावर दोन फुले ठेवायची असतील तर ठेवू द्यावीत.

मुलाशी काय बोलावे, हा प्रश्न शिक्षकांच्याही वाट्याला येतो. ‘ते झोपले आहे’ असे सांगितले तर मुलाला झोपेची धास्ती बसते. ‘ते गावाला गेले’ असे सांगितले तर ते परत येण्याची वाट पाहत बसते आणि एके दिवशी फसवणूक कळली म्हणजे थोरांवरचा विश्वास उडतो. ते मेले, त्याचे शरीर थांबले, आता त्याला दुखत नाही, आणि यात तुझी काही चूक नव्हती, एवढे साध्या शब्दांत सांगणे पुरेसे असते. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात मृत्यूची पहिली ओळख अशीच एखाद्या पिल्लाच्या, वासराच्या किंवा चिमणीच्या रूपाने होते. ती ओळख कशी होते यावर पुढे घरातली मोठी मरणे ते कसे सोसेल, हे काही अंशी ठरत असते. दुसऱ्या दिवशी वर्गात मूल गप्प बसले असेल तर शिक्षकाने ‘काय झाले?’ एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून हसू नये.

आणि दुसरे पिल्लू? ते जरूर आणावे, पण लगेच नव्हे. एक तर, पहिल्याचे नाव घेऊन रडणाऱ्या मुलापुढे दुसरे ठेवणे म्हणजे फुटलेल्या कपाच्या जागी नवा कप ठेवल्यासारखे होते. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. पार्व्होचा विषाणू ओल्या, सावलीच्या मातीत कित्येक महिने तग धरून राहतो. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुता येते, अंगण धुता येत नाही. लसीचे डोस पुरे न झालेले पिल्लू त्याच सोप्यावर आणले तर तीच सकाळ पुन्हा उजाडण्याचा संभव असतो.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाची एक कथा आहे. यज्ञस्थळी आलेल्या एका पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. ते रडत आपल्या आईकडे, देवांची कुत्री सरमा हिच्याकडे गेले. आपण हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की ते चाटले नाही, असे त्याने सांगितले. सरमेने त्या राजपुत्रांना जाब विचारला, ‘याचा अपराध काय?’ ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा तिने त्यांना शाप दिला तो हाच, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. शापाने सावध झालेला जनमेजय मग योग्य पुरोहिताच्या शोधात निघाला.

आजऱ्याच्या सोप्यावर मूल जो प्रश्न विचारते तो सरमेच्या प्रश्नापेक्षा निराळा नाही. त्याला उत्तर द्यायला घरातल्या मोठ्यांना जमेलच असे नाही. पण ‘कुत्र्याचे पिल्लू तर होते’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करण्यापेक्षा त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे, पाऊस ओसरल्यावर दवाखान्याची वाट धरावी आणि जाता जाता त्या गल्लीतल्या कुत्रीची उरलेली पिल्ले कशी आहेत, तेही पाहून यावे.