छापा, काटा आणि नळदुर्ग!

नळदुर्ग स्टँडवर चहा घेतलात? सुट्टे परत मिळाले? खिशात टाकू नका, आधी नीट बघा. प्रत्येक नाण्यावर त्याच्या जन्मगावाचा पत्ता असतो, माहीत आहे का?

पत्ता ओळखा!
सालाच्या खाली चांदणी दिसली, तर नाणं हैदराबादचं. पत्त्यांतली चौकट दिसली, तर मुंबईचं. ठिपका म्हणजे नोएडा. आणि काहीच नसेल तर? कोलकाता! सरकारी टाकसाळी या चारच.

मालक कोण?
रिझर्व्ह बँक? चूक! ती नाणी फक्त बाजारात आणते. नाणी पाडतं केंद्र सरकार. एक रुपयाची नोटसुद्धा सरकारचीच. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नाही, अर्थ सचिवांची सही!

डिझाइन ओके!
फायनल होकार अर्थ मंत्रालयाचा. आकार, वजन, धातू, दोन्ही बाजूंची चित्रं, सगळं राजपत्रात छापून येतं. 2011 च्या कायद्यानं तर थेट 1000 रुपयांपर्यंतच्या नाण्याला मुभा दिलीय.

एक फटका, दोन बाजू!
आधी प्लास्टरचं मोठ्ठं मॉडेल. मग तेच चित्र नाण्याएवढं होऊन पोलादी ठशावर उतरतं. पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, त्यांची कड उचलून घ्यायची आणि वर-खाली ठसे लावून... धाडकन्! छापा आणि काटा एकाच दणक्यात. कडेचे दातेही त्याच क्षणी उमटतात, कारण चकतीभोवती दातेरी कडं बसवलेलं असतं.

बोटांना दिसणारं नाणं!
20 रुपयांच्या नाण्याला 12 कडा का? 2019 ची ही सीरिज दृष्टिहीनांचा विचार करून आखली. किंमत वाढते तसं नाणं मोठं आणि जड होतं. विसाचं वजन 8.54 ग्रॅम, रुंदी 27 मिलिमीटर. चाचपलं की कळलं! शाब्बास, डिझायनर!

नाणं की आकडा?
आपला नळदुर्गचा किल्ला आदिलशाहीत असताना दुसऱ्या अली आदिलशहानं ‘लारी’ पाडली. गोल नाहीच! चांदीची तार मधोमध दुमडून वर ठसा मारलेला. थेट केसांतल्या आकड्यासारखी!

खिशात चारमिनार!
निजामाच्या राज्यात नळदुर्गला चालायचा हैदराबादी ‘हाली सिक्का’. रुपयावर चारमिनार, आणि झूम करून बघा, कमानीत एक इवलंसं अक्षर: निजाम उस्मान अलींचं ‘ऐन’! असे साधारण सात रुपये मोजले, की ब्रिटिशांचे सहा व्हायचे. आणि निजामाच्या नोटांवर मराठीही होती, बरं का!

आपली माणसं, आपली नाणी!
1990 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर एक रुपयावर आले. 1999 मध्ये संत ज्ञानेश्वर एक रुपयावर, तर छत्रपती शिवाजी महाराज दोन रुपयांवर. घरच्या डब्यात शोधा, सापडतीलही!

‘दहाचं चालत नाही’ म्हणे?
चालतं! 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं दहाच्या नाण्याची तब्बल 14 डिझाइन्स जाहीर केली आणि सगळीच वैध ठरवली. ₹ चं चिन्ह असो वा नसो! कायद्यानं तर एका व्यवहारात 1000 रुपयांपर्यंतची नाणी देता येतात. तेव्हा आठवडी बाजारात कुणी नाक मुरडलं, तर हसून समजावा आणि दहाचं नाणं बिनधास्त वाजवून द्या. बंदा रुपया जितका खरा, तितकंच तेही खणखणीत!