कापले तरी पुन्हा कसे वाढते?

कोथिंबीर एकदा उपटली की संपली. पुन्हा हवी तर पुन्हा धने पेरावे लागतात. परंतु गवती चहाचा ठोंब परसात एकदा लावला की तो वर्षानुवर्षे पाती देतो. पुदिना, हळद आणि कढीलिंब हीदेखील अशीच बहुवर्षायू मंडळी. त्यांच्या चिवटपणाचे रहस्य काय?

रत्नागिरीजवळच्या आमच्या मिरजोळ्याचेच उदाहरण घेऊ. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तेव्हा एवढ्याशा वाफ्यावर ३००० लिटर पाणी कोसळते आणि तेही बहुतेक सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे झाडाला दरवर्षी दोन परीक्षा द्याव्या लागतात: एक पाण्याची, दुसरी तहानेची.

तहानेची परीक्षा हळद झोपून देते. पावसाळ्यात तिची पाने अन्न तयार करून जमिनीखालच्या खोडात साठवतात. थंडीत पाने वाळतात, पण साठा व डोळे मातीखाली सुरक्षित राहतात आणि पावसाबरोबर नवे कोंब फुटतात. म्हणून नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी पाने काढताना एका रोपाची एकदोनच काढावीत. सगळी ओरबाडली तर साठा कोण करणार?

पाण्याची परीक्षा अधिक कठीण. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने घेतली की पंचाईत होते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंदपणे तो पाण्यात पसरतो. मुळे गुदमरतात व कुजतात. यावर उपाय म्हणजे वीतभर उंचीचा गादीवाफा. पाणी निघून जाते आणि हवा आत येते.

आता कापणीचा प्रश्न. पुदिन्याचा शेंडा खुडला की तो शेंडा पुन्हा वाढत नाही. खालच्या पेरांवरील डोळे फुटून दोन नव्या फांद्या येतात. म्हणून पुदिना पेराच्या थोडा वर खुडावा. गवती चहाचे तसे नाही. त्याचा वाढीचा भाग पातीच्या टोकाला नसून बुडाशी, पानांच्या वेष्टनात दडलेला असतो. म्हणून जमिनीपासून चार बोटे सोडून पाती कापली तर ठोंबाला धोका नाही. अगदी बुडातून कापली तर मात्र तो कोंबच मरतो.

हे स्वतः पाहायचे आहे? गवती चहाची मधली कोवळी पात कात्रीने आडवी, सरळ कापा. तिच्यावर शाईने एकएक सेंटिमीटरवर खुणा करा आणि आठवडाभर रोज मोजा. पात वर सरकेल, पण कापलेले टोक सपाटच राहील आणि वरच्या खुणांमधील अंतरही बदलणार नाही. मग वाढ नेमकी कोठे झाली, हे पातच तुम्हाला सांगेल. हो, पातीची कड धारदार असते, बोटे सांभाळा!