पाया बघणार मी!

"वहिनी, गाडीच तर ठेवायचीय, कुठं माडी चढवायचीय? दीड फूट पाया बास झाला!" मिस्त्रींचं हे म्हणणं सात वर्षांपूर्वी मला अगदी पटलं होतं. सोलापूरच्या हद्दीवरचं आमचं घर, शेजारी मोकळी जागा आणि ह्यांनी हौसेनं घेतलेली पहिली गाडी. गॅरेज म्हणजे तीन भिंती, वर पत्रे, पुढे शटर. त्यात काय डोकं लावायचं? मी आपली भिंतींचा रंग निवडत बसले.

दुसऱ्या पावसाळ्यात कोब्याला तडा गेला. मग एक भिंत किंचित कलली. आणि एका रात्री मामंजींच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा शटरच वर जाईना. चौकट वाकडी झालेली! हे, मुलगा, शेजारचे काका असे तिघं झटत होते आणि गाडी आत अडकलेली. शेवटी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. मामंजी सुखरूप घरी आले, पण ती वीस मिनिटं काही केल्या विसरता येईनात.

गॅरेज पाडून नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा मी ह्यांना सांगून टाकलं, "या वेळी पाया बघणार मी." निम्मे पैसे माझ्या भिशीचे होते, त्यामुळे फारसं कुणी बोललं नाही.

माझी भाची सिव्हिलची डिप्लोमाधारक. तिला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, "मावशी, जमीन कसली?" म्हटलं, काळी. "मग तिथंच मेख आहे," ती म्हणाली. आपली कापसा-ज्वारीची काळी माती पाणी पिऊन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हे वर-खाली होणं वर्षानुवर्षं चालूच. तिच्यावर उथळ पाया घातला की पायाही तिच्याबरोबर हलतो. गॅरेज तर वजनानं हलकं, त्यामुळे ते उचललंही लवकर जातं.

आमच्याकडे सव्वातीन फूट खणल्यावर पिवळसर मुरूम लागला. तिथपर्यंत सगळी काळी माती काढली आणि पाया मुरमात आणखी फूटभर खाली नेला. माती फार खोलवर असेल तर मात्र हा उपाय परवडत नाही. तिथं तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे पाईल घालतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेली ही पद्धत आहे, पण ते काम इंजिनिअरच्याच सल्ल्यानं करावं.

खड्डा झाला आणि मिस्त्री म्हणाले, "हीच माती आत भरू, ट्रॅक्टरचं भाडं वाचेल." मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं! या वेळी मुरूम मागवला. तोही बघून. ओला करून मुठीत दाबला आणि हाताला चिकटला, तर त्यात माती जास्त. चांगला मुरूम खरखरीत लागतो. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकायचा, पाणी मारायचं आणि ठोकून घट्ट करायचा. एकदम सगळा ओतला तर पुढे खचतोच.

मुरमावर काळ्या दगडाचं नऊ इंची सोलिंग. हातोडा मारल्यावर खणखणीत वाजतो तो दगड घ्यायचा. भद्द आवाज आला, कडा भुगा होऊन पडल्या, की परत पाठवायचा. दगड उभे, हातानं रचून लावायचे आणि फटींत बारीक खडी-मुरूम ठासायचा.

वाळूची परीक्षा तर स्वयंपाकघरातच झाली. काचेच्या उभ्या ग्लासात निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवलं आणि तीन तास ठेवून दिलं. वाळू खाली बसली, वर गाळाचा थर आला. शंभराला आठपेक्षा जास्त गाळ नको. आमचा पहिला ट्रॅक्टर यात नापास! नदीची वाळू हल्ली सहज मिळतही नाही, म्हणून शेवटी धुतलेली क्रश सँड घेतली.

सिमेंटच्या गोणीवरची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. आत हात घातल्यावर गार लागलं पाहिजे, गाठी नकोत. मग एकाला दोन वाळू, चार खडी या मापाचा पाच इंची कोबा केला आणि तो भिंतीला न चिकटवता मध्ये बारीक सांधा सोडला. दाराकडे दर आठ फुटांना एक इंच उतार. भिंतींच्या खाली जोत्यालगत लोखंड घातलेला बीम सगळीकडून फिरवला. कोब्यावर मातीचे आळे करून दहा दिवस पाणी तुंबवलं. ते मात्र माझंच काम, सकाळ-संध्याकाळ!

आणखी एक गोष्ट भाचीनं बजावली. पाया कितीही चांगला केला तरी बाजूनं पाणी मुरता कामा नये. म्हणून गॅरेजभोवती तीन फूट फरशी केली आणि पत्र्यांचं पाणी पाईपनं लांब सोडलं.

मैत्रिणींनो, फरशी, रंग, पडदे निवडताना आपल्याला हमखास विचारतात. पायाच्या वेळी मात्र "तुम्ही आत बसा, चहा पाठवा." चहा जरूर पाठवावा, पण तो घेऊन आपणच खड्ड्यापाशी जावं. वरचं काही चुकलं तर बदलता येतं, खालचं एकदा बुजवलं की दिसतही नाही.

तीन पावसाळे झाले, कोबा अजून एकसंध आहे. शटर मी एका हातानं वर करते. आणि ती खणून काढलेली काळी माती? परसात पसरली. यंदा तिच्यात वांगी अशी आलीत म्हणता, मिस्त्रींच्या घरीसुद्धा पिशवीभर पाठवली.